पाखाडीच्या साठ पायऱ्या आणि पाच महिन्यांचं पिल्लू : एका घराच्या व्यायामाचं प्रकरण

रत्नागिरी शहराच्या उतारावरच्या एका घरातलं हे प्रकरण. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या घराशी माझा संबंध आला तो पाठदुखीमुळे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बाईंना इथे ताई म्हणते. त्यांचे यजमान कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, म्हणून ते सर. पिल्लाचंही नाव बदललं आहे, पण बदललेलं नाव मुलांनीच सुचवलं: गरा. फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा, म्हणून.

पार्श्वभूमी

घरात ताई, सर, सरांच्या आई, नववीतून दहावीत जाणारी मुलगी आणि पाचवीतला मुलगा. घर चिऱ्याचं. गाडीरस्ता वर, घर खाली आणि मधे चिऱ्याची पाखाडी. पायऱ्या साठ, एकीची उंची दुसरीला जुळत नाही. दूध, गॅसचा सिलिंडर, गणपती, सगळं याच पाखाडीने खाली येतं.

ताई बेचाळीस वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३ निघाली होती. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी. डॉक्टरांनी सांगितलं, औषध नको, रोज पाऊण तास भरभर चाला. ताईंनी ते मनावर घेतलं. पहाटे पावणेसहाला दुचाकीने भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, सुरूच्या बनाच्या कडेने पाऊण तास चालणं, सातच्या आत घरी. आठवड्यातून पाच दिवस, सलग दीड वर्ष. साखर ५.९ वर आली.

भाट्याला चालणाऱ्याला तिथी बघावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला समुद्र भरलेला आणि पायाखाली फक्त वरची भुसभुशीत वाळू. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराची भरती, म्हणजे पहाटे ओहोटी आणि ओली, घट्ट, रस्त्यासारखी पुळण. हे गणित ताई सासूबाईंकडून शिकल्या. अष्टमीच्या आसपास त्या भाट्याला न जाता वरच्या रस्त्यावर चालायच्या. मी हे मुद्दाम सांगते आहे. इतक्या बारकाईने बसवलेली सवय होती ती, आणि दिवसभरात कोणी काही मागत नाही असा त्यांचा तेवढा एकच वेळ होता.

सर तीन वर्षांपासून धावतात. आठवड्यातून चार दिवस, आणि वर्षाला एक अर्धमॅरेथॉन, २१ किलोमीटरची. ते पाचला निघायचे, सव्वासहाला परत. ताई बाहेर असताना चहाचं आई बघायच्या. ओढाताण होती, पण जमत होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ आठवड्यांचं लॅब्राडॉर पिल्लू घरात आलं. मुलाचा हट्ट जुना होता. सरांना धावायला सोबती हवा होता. ताईंनी होकार दिला तो एका विचाराने: “तेवढंच माझंही चालणं होईल.”

अडचण कशी उघड झाली

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताई माझ्याकडे आल्या. कमरेच्या उजव्या बाजूला दुखत होतं, वाकताना आणि सकाळी उठताना जास्त. दहापैकी सात, असं त्यांनी सांगितलं. पायात कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या, लघवी-शौचाची तक्रार नव्हती, रात्री झोपमोड करणारं दुखणं नव्हतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “जड काही उचलता का?”

“नाही हो. घरकाम तेवढंच.”

मी कमरेचे आणि पोटाच्या स्नायूंचे चार व्यायाम लिहून दिले. दहा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा सातावरून सातच. व्यायाम रोज केले होते, मला त्यांच्या हालचालीवरून ते कळत होतं. मग माझं लक्ष हातांकडे गेलं. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे, आणि काळ्या कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर चिकटलेले पिवळे केस.

“गऱ्याला घेते ना पाखाडीवरून,” त्या म्हणाल्या. “त्याने पायऱ्या चढायच्या नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“वजन किती त्याचं?”

“परवा सतरा भरला.”

“आणि हे जड नाही?”

“अहो, पिल्लू आहे ते.”

सकाळी वर नेणं, फिरवून खाली आणणं, संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाला दोनशे चाळीस पायऱ्या, सतरा किलो डाव्या खांद्यावर, तोल राखायला कंबर उजवीकडे मोडलेली. उजवी बाजू का दुखते याचं उत्तर तिथेच होतं.

मग मागचं सगळं विचारलं. पहिले दोन महिने पिल्लू दर दोन तासांनी बाहेर काढावं लागतं: झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की. रात्रीही दोनदा. वरच्या रस्त्यावर भटकी कुत्री असतात, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून पशुवैद्यांनी सांगितलं होतं की सोळाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी आणि रेबीजची लस पूर्ण झाल्याशिवाय गऱ्याला रस्त्यावर सोडू नका. अंगणात आईंची तुळस, तिथे कुत्र्याने जायचं नाही. राहिली पडवी. पडवीत वर्तमानपत्रं, आणि ती उचलून लादी पुसणाऱ्या ताई. भाट्याचं चालणं फेब्रुवारीतच बंद झालं होतं. लसी संपेपर्यंतच, असं त्या स्वतःला सांगत होत्या.

मार्चअखेर लसी पूर्ण झाल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर गऱ्याला भाट्याला घेऊन गेले आणि पट्ट्याला बांधून सोबत पळवलं. पहिल्या दिवशी एक किलोमीटर, आठवड्याभरात तीन. गरा आनंदाने पळायचा. लॅब्राडॉर थांबत नाही, दमला तरी धन्याच्या मागे पळतो. दहाव्या दिवशी तो पुढचा डावा पाय उचलून चालायला लागला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नव्हतं. वाढत्या हाडांवर आणि सांध्यांवर ताण आला होता. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर हाडांच्या टोकांना मऊ कूर्चा असते, आणि एका लयीत सलग धावण्याचा मार तिला सोसत नाही. पशुवैद्यांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. धावणं बंद, पायऱ्या बंद.

पण तोवर गऱ्याला वरच्या रस्त्यावर जाऊनच शी-शू करायची सवय लागली होती. पायऱ्या बंद, म्हणजे उचलून न्यायचं. उचलायला कोण? सर पाचला धावायला जायचे.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ताईंच्या डॉक्टरांनी सांगितलं रोज पाऊण तास चाला, ते बरोबर. पशुवैद्यांनी सांगितलं पिल्लाला पायऱ्या चढू देऊ नका, बरोबर. सरांच्या धावण्याच्या तक्त्यात आठवड्यातून चार दिवस होते, तेही बरोबर. मी सांगितलं कंबरेला आराम द्या, वाकू नका. चौघांचे सल्ले आपापल्या जागी योग्य, आणि चारही पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान एकाच बाईच्या अंगावर येऊन पडलेले. आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं की त्या दीड तासात त्या घरात कोण कुठे असतं.

एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर

“पण चालणं होतंच ना,” ताई म्हणाल्या. “सकाळ-संध्याकाळ धरून सव्वा तास तरी फिरवते त्याला.” हे तपासायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. गऱ्याला मीच उचलून वर नेलं. माझ्याही कमरेला कळलं.

रस्त्यावर आल्यावर त्याने पहिल्या गडग्याचा प्रत्येक चिरा हुंगला. मग जास्वंदीचं कुंपण. मग कोणाच्या तरी दाराशी वाळत घातलेली आमसुलं, तिथून ओढून आणावं लागलं. मग समोरून सायकल आली तर खाली बसला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उठलाच नाही. ताईंचा उजवा हात सतत पुढे ताणलेला, खांदा वर चढलेला. पस्तीस मिनिटांनी मोबाइलमध्ये पाहिलं तर अकराशे मीटर झाले होते. ताईंना घामाचा टिपूस नव्हता. पूर्ण वेळ त्या माझ्याशी बोलत होत्या, म्हटलं असतं तर गाणंही म्हणू शकल्या असत्या. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका श्वास लागला तर ते भरभर चालणं. हे पिल्लाला फिरवणं होतं. पिल्लाला त्याची गरज आहेच, जग हुंगून समजून घ्यायचं वय आहे त्याचं. पण ताईंच्या साखरेला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

मी त्यांना आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं: दम लागेल असं किती मिनिटं चाललात? आठवड्याची बेरीज चाळीस मिनिटं आली. गरा येण्यापूर्वी ती दोनशे पंचवीस होती. सरांचे धावायचे दिवस फेब्रुवारीतही चार होते आणि मेमध्येही चारच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ताईंनीच सांगितला, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. सरांच्या गावी, संगमेश्वरकडे, चुलत दिरांचं मोठं आवार आहे. तिथे गऱ्याला ठेवायचं. आठवडाभर घरात यावर बोलणं चाललं होतं. मुलगी जेवायची थांबली. मी हा पर्याय वाईट म्हणणार नाही. काही घरांत तोच योग्य ठरतो. पण गावातल्या मोकळ्या आवारात रात्री बिबट्या येतो, आणि घरात वाढलेलं पिल्लू तिथे टिकेल का ही काळजी खरी होती. शिवाय घरात खोळंबा झाला होता तो वेळेच्या वाटणीचा. गरा गेला असता तरी ती वाटणी तशीच राहिली असती, दुसरं काहीतरी येऊन पुन्हा ताईंवरच पडलं असतं.

दुसरा, वाडीतल्या एखाद्या मुलाला पैसे देऊन गऱ्याला फिरवायला लावणं. एक मुलगा तयारही होता, पण पहाटे नाही. तिसरा, ताईंनी संध्याकाळी जिमला जाणं. साडेसहाला कामावरून येऊन पुन्हा पाखाडी चढून जायचं, आणि आल्यावर स्वयंपाक. पहिल्या पावसात ते बंद पडेल हे त्यांनाही दिसत होतं.

चौथा सरांचा होता. गऱ्याचा पाय बरा झाला की सगळ्यांनी मिळून भाट्याला जायचं, तो खेळेल, आपण चालू. ऐकायला गोड. पण एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाही इथली हवा दमट असते. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं आणि दमट हवेत ते नीट होत नाही. पुळणीवर फेकलेले गळ, जाळ्याचे तुकडे, रापणीनंतर पडून राहिलेले केंड मासे असतात, आणि केंड विषारी. गरा तहान लागली की समुद्राचं पाणी प्यायचा आणि घरी येऊन ओकायचा. म्हणजे एकाने सतत त्याच्यावर डोळा ठेवायचा. तो एक कोण असणार होता, हे ताईंनी न सांगताच मला कळलं.

राहिला पाचवा: पिल्लाचं फिरणं आणि माणसांचा व्यायाम वेगळे करायचे, आणि पहाटेचा दीड तास दोघांत वाटून घ्यायचा.

काय केलं

सरांना मी बोलावून घेतलं. ते भले गृहस्थ आहेत, आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. “ती गऱ्याला फिरवतेच की रोज,” म्हणाले. मी वही समोर ठेवली. दोनशे पंचवीस आणि चाळीस. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंगळवार, गुरुवार, शनिवार मी घरी थांबतो.”

पण वेळ वाटून घेतला तरी उचलणं थांबत नव्हतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पशुवैद्यांकडेही नव्हतं. ते आईंकडून आलं. घरी गेले होते तेव्हा पाखाडीचं बोलणं चालू असताना त्या आतून म्हणाल्या, “मागीलदारी माडाच्या आळ्यापलीकडे जाऊ दे त्याला. माझ्या तुळशीपाशी नको म्हटलं होतं मी. मागीलदारी नको असं कधी म्हटलं?” तीन महिने त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सुनेने गृहीत धरलं होतं की सासूबाईंना चालणार नाही.

मागीलदारी पायऱ्या नाहीत आणि जमीन मऊ, पालापाचोळ्याची. २०१२ साली नॉर्वेत मोठ्या जातीच्या पिल्लांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लॅब्राडॉरही होते. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा सांधा बिघडण्याचा धोका जास्त दिसला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हिंडणाऱ्यांत कमी. गरा तीन महिन्यांपुढे गेला होता. तरी पाखाडी आणि मागीलदार यांत निवडायचं तर मागीलदारच.

नवी जागा शिकवायला नऊ दिवस लागले. वरच्या रस्त्यावरची थोडी ओली माती मुलाने नारळाच्या करवंटीतून आणून आळ्यापलीकडे टाकली, म्हणजे वास ओळखीचा. पट्टा लावून तिथेच उभं राहायचं, केलं की लगेच शाबासकी. दहाव्या दिवशी तो आपला आपण गेला. त्या दिवसापासून ताईंनी त्याला उचललं नाही.

सोम-बुध-शुक्र पहाट सरांची, मंगळ-गुरु-शनि ताईंची. रविवारी सकाळी सरांची लांब धाव, आणि रविवारची संध्याकाळ ताईंची, अर्धा तास, तेव्हा त्यांना कोणी हाक मारायची नाही. घरी थांबणाऱ्याने साडेपाचला गऱ्याला मागीलदारी न्यायचं, नळाचं पाणी भरायचं, डबे करायचे. सरांना पोळी जमेना, घावणे जमले. मग आठवड्यातून तीन दिवस मुलांच्या डब्यात घावणे आणि चटणी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ताईंच्या दिवसांवर लाल गोल, आणि तिथी बघून त्याखाली ‘पुळण’ किंवा ‘रस्ता’.

गऱ्याला दमवायचं काम मुलांकडे. मुलगा नारळाच्या सोडणांच्या ढिगात खाण्याचे तुकडे लपवायचा आणि गरा नाकाने शोधून काढायचा. दहा मिनिटं हे केलं की तो पाऊण तास झोपतो. त्या पाऊण तासात आठवड्यातून दोनदा ताई पडवीत ताकदीचे व्यायाम करतात: खुर्चीवरून उठबस, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीवर जोर, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम. सुरुवातीला त्या खाली झोपल्या की गरा येऊन तोंड चाटायचा. मग मुलीने त्याला गोणपाटावर बसून राहायला शिकवलं. तिचा अभ्यास तिथेच शेजारी चालायचा.

मे आणि नंतरचा पाऊस

वेळापत्रक लागून दहा दिवस झाले नाहीत तोच चाकरमानी आले. मुंबईहून सात माणसं, दोन आठवडे. सगळं कोलमडलं. पहाटे घरात पाय ठेवायला जागा नाही, ताई पुन्हा चुलीशी. त्यातच पाटीतली हापूसची कोय गऱ्याने गिळली. कोय आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियाच करावी लागते. धाकट्या भाच्याने बघितलं म्हणून लगेच कळलं. सरांनी त्याला खांद्यावर टाकलं, साठ पायऱ्या चढून गेले, आणि तासाच्या आत पशुवैद्यांनी इंजेक्शन देऊन ओकवलं. परत आल्यावर सर मला फोनवर म्हणाले, “हे रोज चार वेळा करत होती ती.”

पाहुणे गेले आणि लाल गोल परत सुरू झाले. तोवर कमरेचं दुखणं तीनावर आलं होतं. तेव्हा मी ताईंना पाखाडीच व्यायाम म्हणून दिली. रिकाम्या हातांनी, दमाने चढायचं, उतरताना सावकाश, आधी दोन फेऱ्या, मग पाच. त्यांना ते आवडलं. जूनच्या मध्यावर चिऱ्यावर शेवाळ धरलं आणि ते मीच थांबवलं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक जून ते सप्टेंबरात. समुद्र खवळलेला, पुळणीवर जाण्यात अर्थ नाही. ताई छत्री घेऊन वरच्या रस्त्यावर चालायच्या. झड लागली की पडवीतच, बारा-बारा मिनिटांचे तुकडे. तुकड्यांनी काय होणार, असं त्यांना वाटायचं. पूर्वी सलग दहा मिनिटांचा तरी व्यायाम असला तरच तो धरावा, अशी अट होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती काढून टाकली. आठवड्याला मध्यम दमाची १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, तुकड्यांत केले तरी चालतात. हे समजल्यावर त्यांचा जीव हलका झाला.

गऱ्याचं काम पावसात वाढलं. रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघणं, साचलेल्या पाण्यात जाऊ न देणं. इथे पावसात लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण असतात, म्हणून त्याला लस दिली असली तरी ही काळजी. संध्याकाळी मागीलदारी जाताना बॅटरी हवीच, आमच्याकडे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं.

ऑगस्टमध्ये सरांचा जानेवारीच्या शर्यतीचा सराव वाढला. एका मंगळवारी ते धावायला गेले, पुढच्या गुरुवारीही. ताईंनी दोनदा काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा लाल गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, “अहो, आज माझा दिवस आहे.” सर बूट काढून आत आले. त्यांनी चार दिवसांची धाव कायमची सोडली आहे, सोम-बुध-शुक्रमधले दोन दिवस आणि रविवार एवढंच धावतात. यंदा त्यांची वेळ मागच्या वर्षीपेक्षा वाईट येईल, हे त्यांना माहीत आहे. त्यांना ते सोपं गेलेलं नाही.

काय निष्पन्न झालं

सप्टेंबरअखेर ताईंचं दुखणं एकावर, कधी शून्यावर. वहीतली आठवड्याची बेरीज १५० ते १७०. एचबीए१सी मेमध्ये ६.२ झाली होती, ती पुन्हा ५.९. यात आंब्याचा मोसम संपल्याचाही वाटा असेल, सगळं श्रेय चालण्याला देणार नाही. गऱ्याचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला. आता तो पाखाडी पट्ट्यावर, एकेक पायरी करत, दिवसातून एकदा चढतो. वजन सत्तावीस किलो. सरांनी पशुवैद्यांना विचारलं आहे की सोबत धावायला कधी न्यायचं. उत्तर आलं: सव्वा वर्ष झालं की सांधे तपासू, मग बघू.

एक गाठ सुटायची आहे. फेब्रुवारीत मुलीची दहावीची परीक्षा. गऱ्याची संध्याकाळ निम्मी तिच्याकडे आहे. ती कोण घेणार यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही. ताईंनी माझ्यासमोर सरांकडे बघितलं, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

पिल्लू आणण्याआधी पहाटेचा दीड तास कागदावर मांडायला हवा होता. ‘सोबत धावेल’ आणि ‘तेवढंच चालणं होईल’ या दोन्ही अपेक्षा पहिल्या वर्षात पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, आणि उरलेल्या वेळात त्याला धावण्यापेक्षा हुंगायला, चावायला, शिकायला हवं असतं. फेब्रुवारी हा त्यासाठी सोयीचा महिनाही नव्हता. लसी संपतात तोवर उन्हाळा, उन्हाळा संपतो तोवर पाऊस. गणपतीनंतर आणलं असतं तर लसींनंतरचे महिने थंडीचे मिळाले असते.

आईंना पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. एप्रिलमध्ये पशुवैद्यांनी पायऱ्या बंद सांगितल्या तेव्हाच ‘मग वर कोण नेणार?’ हा प्रश्न कोणीतरी करायला हवा होता.

आणि माझे दहा दिवस फुकट गेले. ताई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी गॅसचा सिलिंडर जड, पाण्याची कळशी जड, पिल्लू जड नाही. नातवंड जड नाही, अंथरुणाला खिळलेले सासरे जड नाहीत. माझ्या तपासणीच्या कागदावर ‘जड काही उचलता का?’ अशी ओळ छापलेली होती. जूनमध्ये कागद पुन्हा छापून घेतले. आता तिथे लिहिलं आहे, ‘घरात कोणाला उचलता?’